दात गेला, तरी हाड राखता येते

दाढ काढली, ठणका थांबला, आठवडाभरात जखम भरत आली, की रुग्ण दवाखान्याची वाट विसरतो. जबड्यातील खरी झीज मात्र त्यानंतरच सुरू होते. दाताची मुळे ज्या खोबणीत रुतलेली असतात, तिचे हाड दाताच्याच आधाराने टिकून असते. दात गेला, की ते विरघळू लागते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढा-उपदाढा काढलेल्या जागी हाडाची रुंदी वर्षभरात सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले. त्यातील दोनतृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतलीच होती.

सर्वाधिक खचते ती गाला-ओठांकडची भिंत. पुढच्या दातांपाशी ती अनेकदा १ मिलिमीटरहूनही पातळ असते. परिणामी हिरडीवर खळगा पडतो, कवळी सैल होते आणि इम्प्लांट बसवायचे ठरलेच, तर टायटॅनियमच्या स्क्रूभोवती पुरेसे हाड उरत नाही.

यावर दंतवैद्यक 'सॉकेट प्रिझर्वेशन'चा उपाय सुचवते. खोबणीच्या भिंती न मोडता दात अलगद काढला जातो, सुजलेला, सडका भाग खरवडून काढतात आणि रिकाम्या जागेत हाडाचे कण भरतात. ते ठासून भरायचे नसतात. नव्या रक्तवाहिन्यांना वाट हवी. वर बहुधा कोलॅजनचा पडदा व टाके. हे कण परांचीसारखे काम करतात. त्यांच्या आधाराने रुग्णाचे स्वतःचे हाड वाढते. साधारण ४ ते ६ महिन्यांनी इम्प्लांट बसवता येते.

कण कोठून आले, हे रुग्णाने अवश्य विचारावे. ते त्याच्याच जबड्यातील असू शकतात, मृत दात्याच्या हाडावर प्रक्रिया करून मिळवलेले किंवा पूर्णतः कृत्रिमही असू शकतात. सर्रास वापरला जाणारा एक प्रकार गोवंशाच्या हाडांपासून, त्यातील सेंद्रिय अंश काढून तयार होतो. तो सावकाश विरतो म्हणून आकार चांगला टिकतो. पण धार्मिक कारणाने नको असल्यास तसे आधीच सांगणे बरे.

मात्र या उपचाराने झीज पूर्णपणे थांबत नाही. वाचते ते सरासरी दीड-दोन मिलिमीटर. त्यामुळे पुढे इम्प्लांट अधिक काळ टिकते का, याचे पुरावे अद्याप भक्कम नाहीत. अक्कलदाढेच्या जागी तर या खर्चाची सहसा गरजच नसते. तंबाखू, धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह यांमुळे जखम नीट भरत नाही. हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांनी तर साधा दात काढण्यापूर्वीही डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी, कारण क्वचित जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका संभवतो.

हा सारा विचार चिमटा लावण्याआधीच व्हायला हवा. काही महिने लोटल्यावर हाड वाढवायचे, तर त्यासाठी स्वतंत्र आणि अधिक मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.