येणारे प्रश्न : शालेय मराठीच्या परीक्षेतील भाकितांचा इतिहास

मराठीत प्रश्न पडतो आणि प्रश्न येतोही. या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, ते शब्दकोशातील अर्थांवरून पुरते उमगत नाही. पडणाऱ्या प्रश्नाला अनुभव घेणारा कोणी तरी लागतो आणि मराठी व्याकरण त्याला चतुर्थीत बसविते : मुलाला प्रश्न पडला, शास्त्रज्ञाला प्रश्न पडला. येणाऱ्या प्रश्नाला असा धनी नसतो. तो परीक्षेला येतो. पावसाप्रमाणे येतो किंवा पाहुण्याप्रमाणे येतो, आणि त्याची चाहूल आधी लागावी म्हणून आकाशाकडे पाहिले जाते. 'हा धडा येतो', 'ती कविता येत नाही', 'त्यावर नेहमी विचारतात' अशी वाक्ये नाशिकच्या कोणत्याही शाळेच्या आवारात फेब्रुवारी महिन्यात ऐकू येतील. शेवटच्या वाक्यातील अध्याहृत कर्ता कोण, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही.

शालेय साहित्यपरीक्षेतील प्रश्नांचे भाकीत करण्याची ही रीत अलीकडच्या शिकवणीवर्गांनी जन्माला घातली, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. तीत १३२ उमेदवारांपैकी जेमतेम वीस-बावीस उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकी होत. ज्या परीक्षेत उत्तीर्णांपेक्षा अनुत्तीर्णांची संख्या इतकी मोठी, त्या परीक्षेभोवती तर्काचा बाजार उभा राहणे अटळ होते. तथापि या बाजाराचे मूळ मॅट्रिकच्याही खाली, मराठी शाळांत शोधावे लागते.

मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळांचे सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तपासनीस शाळेत येई, मुलांना वाचावयास लावी, अर्थ विचारी आणि त्यांच्या उत्तरांवर शाळेची रक्कम ठरे. अशा व्यवस्थेत तपासनीस काय विचारील याचा अदमास घेणे हे मास्तराच्या चरितार्थाचेच अंग बनते. इंग्लंडात १८६२ च्या सुधारित नियमावलीने हीच पद्धत आणली होती. स्वतः शाळातपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्डने तीवर सातत्याने टीका केली, आणि तिचा रोख हाच होता की मुले नेमलेले पुस्तक म्हणून दाखवितात, वाचीत मात्र नाहीत. तेव्हा भाकीत प्रथम केले ते शिक्षकाने. विद्यार्थी त्याचा वारस होय.

या काळातील मराठी वाङ्मयाचे अध्यापन मुख्यतः दोन प्रकारच्या पुस्तकांवर चाले. एक, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली क्रमिक पुस्तके. आणि दुसरे, परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली प्रसिद्ध केलेला 'नवनीत' हा प्राचीन मराठी कवितेचा वेचा. नवनीत म्हणजे लोणी. संपादकाने घुसळण करून सार वर काढावे, हा त्या नावातला आशय. शतकानंतर, १९५९ साली सुरू झालेल्या शैक्षणिक प्रकाशनसंस्थेनेही हेच नाव धारण केले आणि तिचे 'अपेक्षित प्रश्नसंच' महाराष्ट्रातील घरोघरी पोहोचले. हा योगायोगच, पण बोलका आहे. वेचा हे साहित्याचे लोणी, आणि अपेक्षित प्रश्न हे त्या लोण्याचे तूप.

परंतु 'नवनीता'च्या काळचे भाकीत आणि आजचे भाकीत यांत प्रकृतिभेद आहे. मोरोपंत किंवा वामनपंडित यांच्या रचनेवर प्रश्न काढावयाचा तर तो पदच्छेद, अन्वय, समास, यमक, श्लेष, पुराणकथेचा संदर्भ या वाटांनीच जाणार. 'केकावली'वर दादोबा पांडुरंग यांनी १८६५ साली लिहिलेली 'यशोदापांडुरंगी' ही टीका याच वाटांनी चालते, आणि पुढच्या अर्थपुस्तिकांचा साचा अशा टीकांतूनच आला. येथे प्रश्नाचा प्रकार पूर्णतः ठाऊक असे; स्थळ मात्र ठाऊक नसे. कोणत्याही आर्येत अडथळा असू शकत असल्यामुळे सगळ्याच आर्या लावून ठेवाव्या लागत. मजकुराची दुर्बोधता हेच भाकिताविरुद्धचे संरक्षण होते. घोकंपट्टी होती, नाही असे नाही. परंतु ती संपूर्ण ग्रंथाची होती.

पदवीच्या अभ्यासक्रमातून देशी भाषा १८६० नंतरच्या दशकात वगळल्या गेल्या. रानड्यांच्या दीर्घ खटपटीनंतर, त्यांच्या निधनाच्या सुमारास १९०१ साली, मराठीला एम. ए. च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. मधल्या चाळीसेक वर्षांत मराठी वाङ्मयाची परीक्षा ही प्रामुख्याने शाळेचीच बाब राहिली, आणि प्रश्न घडविण्याची भाषाही शाळेनेच घडविली. 'संदर्भासह स्पष्टीकरण करा', 'कोण, कोणास, केव्हा म्हणाले' हे प्रश्नप्रकार पुढे इतके मुरले, की विडंबनकारांनाही ते हाताशी लागले.

'संदर्भासह स्पष्टीकरण' या प्रकाराचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे, कारण भाकिताच्या इतिहासातील वळण येथेच आहे. एखाद्या धड्यातील प्रत्येक वाक्य संदर्भासाठी उचलण्याजोगे नसते. ज्यात सुभाषिताचा डौल आहे, ज्यात पात्राचा निर्णय आहे, किंवा ज्यात सर्वनामाचा निर्देश गूढ आहे, तेच वाक्य परीक्षक उचलतो. अशी वाक्ये एका धड्यात पाचसहा. अनुभवी शिक्षक ती ओळखून पेन्सिलीने अधोरेखित करावयास सांगत. पुस्तके अर्ध्या किमतीत विकली जात, तेव्हा पुढच्या वर्षीच्या मुलाला धड्याबरोबर रेघाही मिळत. जुन्या पुस्तकांच्या दुकानात चाळलेल्या क्रमिक पुस्तकात दोनतीन रंगांच्या रेघा एकाच वाक्याखाली आढळाव्यात, हे भाकिताच्या परंपरेचे अस्सल हस्तलिखित होय. त्याचा संग्रह करावा असे अद्याप कोणा ग्रंथालयाला वाटलेले दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने शालान्त परीक्षा मंडळ स्थापन झाले व १९४९ साली पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ आणि २७ जानेवारी १९६७ रोजी 'बालभारती' अस्तित्वात आली. एक राज्य, एक पाठ्यपुस्तक, एक प्रश्नपत्रिका ही स्थिती यातून निर्माण झाली. आज नाशिक, धुळे, जळगाव व नंदुरबार या चार जिल्ह्यांचे नाशिक विभागीय मंडळ आहे. परंतु प्रश्नपत्रिका राज्यासाठी एकच असते. भाकिताला व्यापारी मोल आले ते या एकरूपतेमुळे. पूर्वी तर्क एका शाळेपुरता किंवा एका तपासनिसापुरता होता. आता तोच तर्क छापून लाखोंना विकता येऊ लागला.

त्याच सुमारास पाठ्यपुस्तकात आधुनिक कविता वाढली आणि अन्वय-समासांची जागा 'रसग्रहणा'ने घेतली. हेतू उदात्त होता : मुलाने कवितेचा आस्वाद घ्यावा, अर्थाचे तुकडे मोजू नयेत. परिणाम मात्र उलटा झाला. मोरोपंतांवरील प्रश्नाचे उत्तर प्रत्येक आर्येला वेगळे असे. रसग्रहणाचे उत्तर आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन परिच्छेदांत कोणत्याही कवितेला लागू पडू लागले. 'कवीने साध्या-सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे' हे वाक्य ज्या कवितेला लावता येणार नाही अशी कविता पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. आता प्रश्नाचे भाकीत करण्याचीही गरज उरली नाही. उत्तरच आधी तयार झाले.

दहावीच्या २०१८-१९ पासूनच्या अभ्यासक्रमात प्रश्नपत्रिकेची 'कृतिपत्रिका' झाली. आकलन, स्वमत, उपयोजित लेखन, अपठित उतारा अशी तिची मांडणी असून पाठांतराला आळा हा तिचा घोषित हेतू आहे. अपठित उताऱ्याने तो काही अंशी साधला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आराखडा आणि नमुना कृतिपत्रिका मंडळच प्रसिद्ध करते. म्हणजे साच्याचे भाकीत अधिकृत झाले आहे. कवितेवरील एका कृतीत कवी, विषय, शब्दार्थ, संदेश यांबरोबरच 'कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण' हाही मुद्दा आला. दोन गुणांची ही आवडनिवडही मार्गदर्शिकांतून आगाऊ लिहून मिळू लागली, आणि ती बहुधा आवडण्याचीच असते. न आवडण्याची तयार कारणे कोणी छापीत नाही, कारण तेवढे धाडस परीक्षार्थी करणार नाही हे भाकीत सर्वांत सोपे आहे.

या व्यवहाराने भाषेलाही काही दिले. 'अपेक्षित' हे मूळचे कर्मणि धातुसाधित विशेषण. 'अपेक्षित आणलेस का?' या वाक्यात ते नपुंसकलिंगी नाम होऊन वस्तूचा निर्देश करते. 'ऑप्शनला टाकणे' हा वाक्प्रचार प्रश्नपत्रिकेतील पर्यायांवरून निघाला आणि आता नको असलेले काम, समारंभ, प्रसंगी नातेवाईकही ऑप्शनला टाकले जातात.

आतापर्यंतच्या विवेचनावरून भाकीत ही केवळ विकृती आहे असे अनुमान काढणे सोपे आहे, आणि नाशिक जिल्ह्याचा भाषिक नकाशा समोर ठेवल्यास ते चुकीचे ठरते. सुरगाणा व पेठ या तालुक्यांत घरोघरी कोकणा बोली आहे. बागलाण, कळवण, मालेगाव या भागांत अहिराणी. ज्याच्या घरी 'आहे' ऐवजी 'शे' म्हटले जाते, त्या मुलाला 'स्वमत' लिहावयाचे आहे ते प्रमाण मराठीत. मत त्याचे, वाक्य मात्र परके. ज्यांच्या घरात प्रमाण मराठी वारशाने येते, त्यांना तयार उत्तराची लाज वाटणे परवडते. दुसऱ्याच्या दृष्टीने अपेक्षित प्रश्नसंच ही चोरवाट नसून लेखी प्रमाणभाषेची एकमेव सलग वाचनमाला असू शकते : त्यातील वाक्ये पाठ करून तो परीक्षेपुरती नव्हे, तर अर्ज, पत्र आणि मुलाखत यांपुरती मराठी कमावतो. २०१९ साली भाषाविषयांचे वीस तोंडी गुण काढून घेण्यात आले. त्याच वर्षी नवा अभ्यासक्रमही प्रथमच परीक्षेला होता. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढील वर्षासाठी ते गुण पुन्हा देण्यात आले. शंभरही गुण लेखी होतात तेव्हा भार कोणावर अधिक पडतो, याचा बोलीनिहाय अभ्यास होणे अगत्याचे आहे.

नाशिकात २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषेचा गौरवदिन म्हणून साजरा होतो. दहावीची परीक्षा पुष्कळ वर्षे मार्चच्या प्रारंभी सुरू होत असे, म्हणजे समारंभ आणि प्रथम भाषेचा पेपर यांत दोनचार दिवसांचेच अंतर राही. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीसच सुरू झाल्याने तेही उरले नाही. याच विभागातील जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढे शालेय पाठ्यपुस्तकांत आली. त्यांच्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे बोलीतील शब्दांना प्रमाणभाषेतील प्रतिशब्द लिहिण्याचा. पुण्यामुंबईच्या मुलाला येथे अर्थ शिकावा लागतो. खानदेशातील मुलाला अर्थ पाळण्यातच मिळालेला असतो. त्याला पाठ करावा लागतो तो दुसरा स्तंभ. उलट बाजूने, प्रमाणशब्द देऊन बोलीतील शब्द विचारणारी कृती नमुना कृतिपत्रिकांत सहसा दिसत नाही, आणि त्यामुळे कोणत्याही अपेक्षितातही ती नाही.