सावकाराच्या दुकानापासून वारणा बाजारपर्यंत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास प्रामुख्याने पतसंस्था व साखर कारखान्यांच्या अंगाने लिहिला गेला. गावातील दुकान त्यात दुर्लक्षितच राहिले. वस्तुतः दुकान आणि कर्ज यांचे नाते जुने आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा कर्जखतांबरोबर दुकानेही त्यांच्या रोषास बळी पडली. कारण माल उधार देणारा आणि कर्ज देणारा बहुधा एकच असे. तथापि 1904 च्या सहकारी कायद्याने केवळ पतपुरवठ्याचा विचार केला. ग्राहक संस्थांच्या नोंदणीचा मार्ग 1912 च्या कायद्याने मोकळा झाला. इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकरांनी सभासदांच्या मालकीचे दुकान 1844 मध्येच उघडले होते.

कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळगडाच्या उत्तरेकडील वारणा खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली प्रथम सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर 1970 च्या दशकात ‘वारणा बाजार’ हे सहकारी ग्राहक भांडार स्थापन झाले. येथे शेतकरी केवळ गिऱ्हाईक न राहता सभासद या नात्याने दुकानाचा मालकही झाला. सुप्याच्या पार्श्वभूमीवर पाहता, ग्रामीण कर्जबाजारीपणाचा प्रश्न केवळ व्याजदराचा नसून तराजू व उधारीची वही कोणाच्या हाती, याचाही होता, असे म्हणावे लागते.