रेशीम कताईच्या मशीनला मोटार लावताय? आधी पुली, पट्टा आणि पायडलचा हिशेब समजून घ्या

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे पिकतात. ढिवर समाजाचा हा पिढीजात धंदा. अखंड कोशातून सलग तार निघते, तिला रिळिंग म्हणतात. पण बियाण्यासाठी ठेवलेल्या कोशातून पतंग बाहेर पडला की कोसा फुटतो आणि सलग तार निघत नाही. एरंडाच्या पानांवर वाढणाऱ्या एरी अळीचा कोश तर मुळातच एका तोंडाने उघडा असतो. असा माल शिजवून, पिंजून, कापसासारखा कातावा लागतो. ही झाली कताई, म्हणजेच स्पिनिंग.

टसरचा धागा पूर्वी बाया मांडीवर वळत. त्यात कातडी सोलून निघते, डाग कायमचे राहतात. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे टसर रिळिंग मशीन गावोगाव नेले. कताईसाठी मात्र पायडलची, पायडल-मोटार दोन्हींची आणि आता सौर ऊर्जेवरची मशीनही मिळते. ज्यांच्याकडे जुने पायडल मशीन आहे त्यांचा पहिला विचार असतो, गावच्या मिस्त्रीकडून एक मोटार बसवून घेऊ. हजार-दोन हजारांत काम होते, पायाचा त्रास वाचतो. आणि मग विणकर लडी परत पाठवू लागतो. धागा कुठे तारेसारखा कडक, कुठे पोकळ. मशीन तेच, बाई तीच, कोसा तोच. मग बिघडले काय?

जाडी हाताची, पीळ मशीनचा

कताईच्या मशीनवर दोन कामे एकाच वेळी चालतात. बाई हाताने तंतू ओढून धाग्याची जाडी ठरवते. समोर फिरणारा दोन पंखांचा फ्लायर त्याला पीळ देतो आणि मधल्या बॉबिनवर गुंडाळतो. पिळाचा हिशेब सोपा आहे. फ्लायर मिनिटाला जितके फेरे घेतो त्याला मिनिटात सोडलेल्या धाग्याच्या इंचांनी भागायचे. फ्लायरचे ७२० फेरे आणि धागा ६० इंच, म्हणजे एका इंचात १२ पीळ.

आता पट्टा थोडा घसरला, फेरे दहा टक्क्यांनी कमी होऊन ६४८ झाले. बाईचा हात सवयीने तेवढाच चालतो. पीळ १०.८ वर आला. पट्ट्याने पुन्हा पकड घेतली की परत १२. एकाच लडीत असा चढ-उतार झाला की धागा मागावर कुठे तुटतो, कुठे रंग वेगळा घेतो. त्यात कातणारीचा दोष नसतो, पण पैसे तिचेच कापले जातात.

पायडलवर ही अडचण एवढी जाणवत नाही, कारण हात आणि पाय एकाच माणसाचे. तंतू अडकला, गाठ आली की पाय आपोआप मंद होतो. हात मोकळा झाला की पाय पुन्हा वेग घेतो. मोटार बसली की हे नाते तुटते. हात थांबतो, मोटार थांबत नाही. म्हणून सुधारणा करायची ती मोटारीच्या ताकदीत नाही, तर मोटारीपासून फ्लायरपर्यंतच्या वाटेत. याच वाटेला मेकॅनिकल ड्राइव्ह म्हणतात.

मधल्या चाकाचा फसवा हिशेब

पायडल मशीनचे मोठे चाक २० इंचाचे आणि फ्लायरची पुली २ इंचाची असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात फ्लायरचे १० फेरे होतात. मिनिटाला ६० वेळा पाय मारला की ६०० फेरे.

मिस्त्री बहुतेक वेळा मोटारीची पुली २ इंचाची बसवतो आणि तिचा पट्टा त्याच मोठ्या चाकावर टाकतो. एवढे मोठे चाक मध्ये आहे, वेग कमी होईलच, असे वाटते. होत नाही. साधी सिंगल फेज मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. चाकावर ते १४४ होतात, आणि चाकावरून फ्लायरवर जाताना पुन्हा दहापट, म्हणजे परत १४४०! दोन्ही पट्टे चाकाच्या एकाच कडेवर असतील तर मधल्या चाकाचा आकार हिशेबातून गळून जातो. उरते ती फक्त मोटारीच्या आणि फ्लायरच्या पुलीची तुलना. एवढ्या वेगावर धागा हाताखालून खेचला जातो आणि वळून त्याच्या कड्या पडतात.

उपाय दोन. फ्लायरची पुली ४ इंचाची करा, म्हणजे ७२० फेरे. किंवा मोटारीची पुली १ इंचाची करा, तरी ७२०. दुसरा उपाय स्वस्त, पण जाड व्ही बेल्ट इतक्या लहान पुलीवर फार तीव्र वळतो, तापतो, लवकर तडकतो. तिथे बारीक गोल पट्टाच वापरावा. जागा असेल तर फ्लायरची पुली मोठी करणेच बरे, कारण मोठ्या पुलीवर पट्ट्याची पकडही जास्त राहते.

किती फेरे योग्य, याला एक आकडा नाही. नवीन शिकणारीला ४०० सुद्धा जास्त होतात, हात बसलेली बाई ८०० वरही आरामात कातते. म्हणून मशीनला एकच पुली न लावता दोन-तीन खोबणींची, पायऱ्यांची पुली लावून घेतली तर कातणारी आपल्या हाताप्रमाणे पट्टा सरकवू शकते. लेथवाल्याकडे तासाभराचे काम आहे.

पट्टा: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

जुन्या मशीनवर सुताची दोरी असते. हवेतला ओलावा बदलला की तिचा ताण बदलतो. सकाळी घट्ट, दुपारी सैल. आणि कताईच्या खोलीत ओले कोसे असतात, म्हणजे ओलावा आलाच. शिवाय दोरीची गाठ पुलीवरून जाताना दरवेळी छोटा धक्का देते. कान देऊन ऐकले तर टक्-टक् ऐकू येते. त्याऐवजी पॉलियुरेथेनचा गोल पट्टा घ्यावा. त्याची दोन टोके तापलेल्या पात्यावर वितळवून चिकटवतात, गाठ राहत नाही. जोडावर आलेला फुगा ब्लेडने साफ कापायचा, नाहीतर तीच नवी गाठ होते.

व्ही बेल्ट असेल तर एक गोष्ट तपासा. हा पट्टा खोबणीच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पकड घेतो, तळावर नाही. झिजून तो तळाला टेकला असेल तर कितीही ओढून ताणला तरी घसरणारच. तेव्हा पट्टा बदला, आणि खोबणीच्या भिंती झिजल्या असतील तर पुलीही.

ताण किती ठेवायचा? दोन पुलींच्या मधोमध पट्टा बोटाने बेताने दाबावा. दोन्ही शाफ्टमधले अंतर १६ इंच असेल तर तो पाव इंच दबावा, ३२ इंच असेल तर अर्धा. यापेक्षा घट्ट केला की घसरणे थांबते खरे, पण बेअरिंग आणि बुश खाल्ले जातात, मोटार गरम होते. मोटार तापली की लोक मोठी मोटार आणतात. दोष पट्ट्याच्या ताणात असतो आणि खर्च होतो मोटारीवर. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का हे पाहायला त्यांच्या बाजूला एक ताठ दोरा धरायचा. चारही ठिकाणी दोरा टेकला पाहिजे. एखाद्या ठिकाणी फट दिसली की पट्टा कडेने घासतोय, असे समजा.

पाय मोकळा झाला, पण कामावर ठेवा

सगळ्यात उपयोगी सुधारणा इथे आहे. मोटार भिंतीवरच्या बटनाने चालू-बंद करू नये. एकदम झटका बसतो, धागा तुटतो. बंद केल्यावरही फ्लायर काही क्षण फिरत राहतो आणि थांबलेल्या धाग्याला फुकटचा पीळ चढतो. लडीत जागोजागी कडक तुकडे येतात ते बहुधा इथूनच.

साधा उपाय म्हणजे जॉकी पुली. पट्टा मुद्दाम सैल ठेवायचा आणि एक छोटी मोकळी पुली पायडलला जोडायची. पाय दाबला की ती पट्ट्याला दाबते, पट्टा ताणला जातो, फ्लायर हळूहळू वेग घेतो. पाय उचलला की पट्टा सैल, फ्लायर सुटा. त्याच दांडीला चामड्याचा तुकडा लावून फ्लायरच्या पुलीवर ब्रेकही करता येतो. जुन्या पायडलच्या सांगाड्यावर वेल्डिंगवाला हे सहज बसवून देतो. हात आणि पायाचे तुटलेले नाते यातून परत जुळते.

वेग कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावू नये. साध्या इंडक्शन मोटारीवर त्याने वेग नीट आवरत नाही, जोर तेवढा जातो आणि मोटार तापते. शिलाई मशीनची मोटार पायाने आवरता येते, पण भार वाढला की तिचा वेग पडतो आणि दिवसभर सलग चालण्यासाठी ती बनलेली नसते. खर्च झेपत असेल तर कंट्रोलरसह मिळणारी डीसी किंवा बीएलडीसी मोटार चांगली. भार बदलला तरी वेग बराच टिकतो, पायडलवर वेग घेता येतो आणि पुढे सोलर पॅनलवरही चालवता येते. सुतासाठी सौर चरख्यावर वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत काम झाले आहे. विदर्भातल्या गटांना एकदा जाऊन पाहण्यासारखी जागा आहे.

व्होल्टेजचाही विचार करावा. गावात संध्याकाळी २३० ऐवजी १८० व्होल्ट येत असेल तर इंडक्शन मोटारीचा जोर अर्ध्याच्या थोडा वर, साधारण ६१ टक्क्यांवर येतो. पट्टा, पुली, तेल सगळे ठीक असूनही संध्याकाळचा धागा बिघडत असेल तर मशीन खोलण्याआधी व्होल्टेज मोजावे.

बॉबिनचा ब्रेक

बॉबिनवर जी बारीक दोरी किंवा स्प्रिंग असते ती बॉबिनला थोडी मागे रोखते, म्हणून धागा गुंडाळला जातो. बॉबिन भरत गेली की तिचा घेर वाढतो आणि धाग्यावरची ओढ कमी होते. त्यामुळे अर्धी बॉबिन झाल्यावर ब्रेक किंचित घट्ट करावा लागतो. धागा जिथून सरकतो त्या हुकात खाच पडली असेल तर रेशीम तिथे कापले जाते. हूक बदलावा, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम.

मोबाइलने फेरे मोजा

फेरे मोजायला टॅकोमीटर लागतो, पण मोबाइलवरही काम भागते. फ्लायरच्या पुलीवर खडूने ठळक खूण करा. खोलीत भरपूर उजेड ठेवून स्लो मोशन व्हिडिओ काढा. व्हिडिओ आठपट मंद असेल (२४० फ्रेमचा ३० वर चालणारा), तर तो चालू असताना १० सेकंदांत खूण किती वेळा फिरली ते मोजा आणि ४८ ने गुणा. १५ वेळा फिरली, म्हणजे ७२० फेरे. चारपट मंद असेल तर २४ ने गुणा. आधी रिकामे मशीन मोजा, मग कातताना मोजा. पुली ठीक बसली असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. मोठा फरक दिसला तर पट्टा घसरतोय किंवा मोटार कमी पडतेय. दोन्हीपैकी काय, ते मोटारीच्या पुलीवर खूण करून कळते. मोटार त्याच वेगाने फिरतेय आणि फ्लायर मंद, तर दोष पट्ट्याचा.

पदर, केस आणि करंट

पायडलचा पट्टा बोटात आला तर पाय थांबतो. मोटारीचा थांबत नाही. पट्टा आणि पुलीवर जाळीचे झाकण असल्याशिवाय मोटार चालू करू नये. पदर खोचलेला, केस बांधलेले. मशीनचा सांगाडा लोखंडी, जमीन ओली आणि हात ओले, म्हणून सांगाड्याला अर्थिंग आणि बोर्डावर करंट गळती ओळखून बंद होणारा स्विच हवाच. मिस्त्री मोटार बसवून गेला आणि अर्थिंगची तार तशीच लोंबत राहिली, तर काम पूर्ण झालेले नाही. पैसे तेवढे राखून ठेवावेत.

नवीन मशीन घ्यायचे असेल तर खरेदीआधी जिल्हा रेशीम कार्यालयात चौकशी करावी. राज्याचे रेशीम संचालनालय नागपुरात आहे आणि केंद्राच्या ‘सिल्क समग्र’ योजनेत मशीनसाठी मदतीची तरतूद असते. पण आधी विकत घेऊन मग बिल दाखवण्याने बहुधा जमत नाही, मंजुरी आधी लागते. मशीन पाहायला जाताना कातणारी बाई सोबत असावी, आणि तिने दुकानातच आपला कोसा त्यावर कातून पाहावा. मोटारीवरच्या मशीनला पायडल कायम आहे का, हेही विचारावे. लाइन गेल्यावर दिवसाचे काम त्याच्यावरच निघते.