बर्फाचं गाव, वाटून घेतलेलं काम

आज आपण जपानमधल्या एका गावाचा इतिहास ऐकूया. गावाचं नाव नोझावा ओनसेन. ओनसेन म्हणजे गरम पाण्याचे झरे, आपल्याकडे वज्रेश्वरीला आहेत तसे.

टोकियोहून बुलेट ट्रेननं इयामा स्टेशनला उतरायचं, तिथून बसनं अर्ध्या तासात गाव येतं. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. हिवाळ्यात इथे घरांच्या छपरांवर बर्फाचे थर चढतात. पूर्वी या दिवसांत शेती बंद असायची. कुणी घरात बसून वेलींच्या टोपल्या विणायचं, कुणी कामासाठी शहर गाठायचं. थोडक्यात, बर्फ म्हणजे बसून खाण्याचे दिवस.

मग स्कीइंग आलं. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचा हा खेळ. 1911 साली लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यानं तो जपानी सैनिकांना शिकवला. नोझावाच्या लोकांनी 1923 साली स्वतःचा स्की क्लब काढला. 1950 मध्ये डोंगरावर पहिली लिफ्ट, म्हणजे दोरावरून वर नेणारी खुर्ची, सुरू झाली. पुढे 1963 मध्ये क्लबनं लिफ्टचा कारभार गावाच्या हाती दिला. घराघरांत पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली आणि ज्या बर्फानं काम बंद पाडलं होतं, त्याच बर्फानं काम दिलं. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमधली बायथलॉनची स्पर्धाही इथेच झाली.

पण आम्हाला सर्वांत जास्त भावली ती इथली न्हाणीघरं. गावात 13 सार्वजनिक न्हाणीघरं आहेत आणि ती कुणा मालकाची नाहीत. प्रत्येक न्हाणीघराभोवतीच्या घरांचा एक गट असतो, त्याला 'यू-नाकामा' म्हणतात, म्हणजे गरम पाण्याचे सोबती. साफसफाई पाळीपाळीनं, खर्च सगळ्यांनी मिळून. पाहुण्यांनाही तिथे अंघोळ करता येते, तिकीट नाही. दाराशी पेटी असते, मनाला येईल ते टाकायचं. ही पद्धत स्कीइंगच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे.

ओगामा नावाच्या झऱ्याचं पाणी तर 90 अंशांपर्यंत तापलेलं असतं. गावातल्या बाया तिथे भाजी आणि अंडी उकडतात. इथली 'नोझावाना' नावाची पालेभाजी जपानभर प्रसिद्ध आहे. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी इथल्या देवळाच्या पुजाऱ्यानं दूरवरून सलगमाचं बी आणलं आणि या थंडीत त्याचा कंद न वाढता पालाच वाढला, असं सांगतात. हिवाळ्याच्या तोंडावर ही भाजी धुऊन मिठात मुरवतात. बर्फाच्या दिवसांत तीच ताटात येते. आपण उन्हाळ्यात कुरडया-पापड करून ठेवतो, तशीच ही बेगमी.

मैत्रिणींनो, पाहुणे आले की पैसा येतो. आणि पैसा आला की 'माझं किती, तुझं किती' सुरू होतं. नोझावानं झऱ्याची मालकी वाटून घेतली नाही, झऱ्याचं काम वाटून घेतलं. म्हणून झराही राहिला आणि शेजारही राहिला.

आपल्या गटाकडेही सामायिक गिरणी असते, शेवयांचं यंत्र असतं, भांडी असतात. पुढच्या बैठकीत आपण एवढंच विचारूया: ती वापरण्याची पाळी आपण लावली आहे, पण पुसून ठेवण्याची पाळी लावली आहे का?