न दिसणाऱ्या प्रेक्षकाचा लेखक

कीर्तनकाराला आपला श्रोता समोर दिसतो. नाटककाराला प्रेक्षागृहातील हशा आणि शांतता दोन्ही ऐकू येतात. दूरचित्रवाणीसाठी लिहिणाऱ्याचा प्रेक्षक मात्र घराघरांत विखुरलेला असतो. या न दिसणाऱ्या प्रेक्षकाशी दीर्घकाळ संवाद साधण्याचे काम आपल्या देशात ज्यांनी आरंभी केले, त्या मनोहर श्याम जोशी यांच्या कार्याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

मूळच्या कुमाऊँतील कुटुंबात जोशी यांचा जन्म १९३३ साली अजमेर येथे झाला. आकाशवाणी, फिल्म्स डिव्हिजन आणि ‘साप्ताहिक हिंदुस्तान’चे संपादकपद अशी त्यांची वाटचाल झाली. ‘कुरु कुरु स्वाहा’ ही मुंबईच्या पार्श्वभूमीवरील कादंबरी आणि ‘कसप’ यांनी त्यांना हिंदी साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले होते. असा लेखक मालिकेकडे वळला, ही घटना लहान नव्हे.

जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. मालिकेच्या द्वारे लोकशिक्षण करण्याचा प्रयोग मिगेल साबिदो यांनी मेक्सिकोत केला होता. त्याच धर्तीवर कुटुंबनियोजन आणि स्त्रीचा दर्जा हे विषय घरोघर पोहोचवावेत, असा शासनाचा हेतू होता. परंतु पहिल्या तेरा भागांतील उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही. तेव्हा उपदेशाला कात्री लागली आणि दारुडा बाप, सोशिक आई, लग्नाला आलेली बडकी यांची सुखदुःखे पुढे आली. पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. प्रेक्षक त्या घराची काळजी आपल्याच घराची म्हणून वाहू लागले.

येथेच एक विलक्षण गोष्ट घडली. मुकाट्याने सोसणाऱ्या भागवंतीकडे पाहून स्त्रियांनी सावध व्हावे, अशी योजना होती. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा अनेक प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियांनाही, तीच आदर्श गृहिणी वाटत असल्याचे आढळले! लेखकाने दोष म्हणून जे रंगविले, ते समाजाने गुण म्हणून स्वीकारले. हे केवळ लेखणीचे अपयश म्हणता येणार नाही. शतकानुशतकांचा संस्कार दीडशे भागांनी पुसला जात नाही, एवढेच त्यातून दिसते.

१५६ भागांनंतर, डिसेंबर १९८५ मध्ये, ही मालिका संपली. पुढे ‘बुनियाद’मध्ये जोशी यांनी फाळणीची शोकांतिका लाहोरच्या एका कुटुंबाच्या चरित्रातून मांडली. येथे उपदेशाचा भार नव्हता. इतिहासच घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला होता. ‘कक्काजी कहिन’मध्ये त्यांनी राजकारणाचा उपहास केला, तर ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’मध्ये सामान्य माणसाच्या दिवास्वप्नांना हसू दिले.

‘क्याप’ या कादंबरीसाठी त्यांना २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ३० मार्च २००६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. मालिकांचे लेखन हलके मानण्याची रीत अद्याप आहे. परंतु लक्षावधी कुटुंबांना एकाच वेळी एका घराच्या दुःखात सहभागी करून घेणे हे हलके काम नव्हे, याची साक्ष जोशी यांची कारकीर्द देते.