बंडखोरीविरोधी युद्ध आणि विमानांची निवड : श्रीलंकेचा अनुभव

बंडखोरीविरोधी युद्धातील भू-हल्ला विमानांची निवड केवळ किंमत व वेग यांवर अवलंबून नसते; प्रतिपक्षाजवळील शस्त्रेही ती ठरवितात. श्रीलंकेच्या हवाई दलाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १९८५ मध्ये या दलाने एसएफ-२६० ही इटालियन प्रशिक्षण विमाने हल्ल्यासाठी वापरात आणली. १९९३ मध्ये अर्जेंटिनाची टर्बोप्रॉप पुकारा विमाने घेतली. त्यांच्या मंद गतीमुळे लक्ष्य न्याहाळण्यास अवधी मिळे. तथापि एप्रिल १९९५ मध्ये ‘लिट्टे’ने क्षेपणास्त्रांनी दोन अ‍ॅव्ह्रो विमाने पाडली आणि मंद गती हीच उणीव ठरली. पुढे १९९६ मध्ये इस्रायली केफिर व २००० मध्ये मिग-२७ ही जेट विमाने दाखल झाली. वेगामुळे वैमानिकाचे संरक्षण वाढले, परंतु लक्ष्य पारखण्याचा अवधी घटला.

मात्र नागरी हानीचे कारण केवळ जेट विमानांत शोधता येत नाही. केफिर येण्यापूर्वीच, जुलै १९९५ मध्ये, नवाली येथील चर्चवर हवाई दलाचे बॉम्ब पडून तेथे आश्रय घेतलेले शंभराहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. सारांश, योग्य विमान वैमानिकाला वाचवू शकते; बंडखोर व नागरिक यांत भेद करण्याची जबाबदारी मात्र माहिती मिळविणाऱ्या व आदेश देणाऱ्या यंत्रणेवरच राहते.