मुंबईची वस्तुसंग्रहालये व रंगभूमी : आपला वाटा

धर्माबादच्या जुन्या पिढीला 'मोठे शहर' म्हटले की हैदराबाद आठवत असे. त्याला कारणही तसेच होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला भाग निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. कचेरी, दवाखाना, वरचे शिक्षण, सर्वांसाठी लोकांचे पाय तिकडेच वळत. १९५१ साली सालारजंग म्युझियम खुले झाले, तेव्हा ते पाहून येणे हा कौतुकाचा विषय ठरला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले व मुंबई आपली राजधानी झाली. परंतु मनाने ती अजून दूरच आहे. मुंबईला जाऊन आलेला आपला मुलगा चौपाटी सांगतो, नटांचे बंगले सांगतो. वस्तुसंग्रहालय पाहिले किंवा नाटक पाहिले, असे सांगणारा विरळाच.

हे असे का व्हावे? त्या वास्तू श्रीमंतांच्या व इंग्रजांच्या, आपला तेथे काय संबंध, असा एक समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील संग्रहालय हे मुंबईचे सर्वांत जुने संग्रहालय. त्याची कोनशिला १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली. लोकवर्गणी जमविणाऱ्या समितीत नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड व डॉ. बर्डवूड ही मंडळी होती. हिंदू, पारशी, ज्यू अशा सर्व समाजांतील धनिकांनी हात सैल सोडला. पण १८६५ साली कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटला, अनेक पेढ्या बुडाल्या आणि वर्गणी आटली. काम रखडत रखडत १८७२ साली संग्रहालय लोकांसाठी उघडले. व्हिक्टोरिया राणी व तिच्या पतीचे नाव त्यास दिले होते. १९७५ साली ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. हे भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, परंतु जुन्या शिलालेखांचे जाणकार. आपल्या मराठवाड्यातील अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचण्याचे कामही त्यांनी केले होते. तेव्हा भायखळ्याच्या त्या इमारतीशी आपले नाते नाही, असे कोण म्हणेल?

दुसरे संग्रहालय फोर्ट भागातील. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम या नावाने ते ओळखले जाई. १९९८ पासून ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. कोनशिला १९०५ ची. इमारत उभी राहिली तोच पहिले महायुद्ध आले व तेथे लष्करी इस्पितळ थाटले गेले. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पकार जॉर्ज विटेट स्कॉटिश खरा, पण त्याने विलायतेची नक्कल केली नाही. घुमटासाठी त्याने विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिले, आणि आतील लाकडी खांब-कमानी नाशिककडील एका वाड्यातून विकत घेऊन बसविल्या. आदिलशाही घुमटाखाली मराठी वाड्याचे लाकूडकाम! आपल्या मुलखाचा इतिहास एका वास्तूत सांगावयाचा तर याहून चांगले उदाहरण कोणते?

आत अकबर बादशहाच्या नावाचे १५८१ सालचे चिलखत व ढाल आहे. त्याच्याच चित्रशाळेत रंगविलेल्या 'अन्वार-ए-सुहैली' या फारसी ग्रंथाची चित्रे आहेत. या ग्रंथातील गोष्टी मुळात आपल्या पंचतंत्राच्या. संस्कृतातून पहलवी, पहलवीतून अरबी, अरबीतून फारसी असा प्रवास करून त्या पुन्हा हिंदुस्थानात आल्या व बादशहाच्या चित्रकारांनी त्या रंगविल्या. वर्गात फळ्यावर लिहून जे महिनाभरात समजत नाही, ते त्या पानापुढे पाच मिनिटे उभे राहिल्याने समजते.

हा खजिना देणग्यांतून जमला आहे. पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा, सर दोराब टाटा यांच्याबरोबरच सर अकबर हैदरी व अल्मा लतीफी यांचे संग्रहही तेथे आहेत. सर अकबर हैदरी पुढे हैदराबादचे पंतप्रधान झाले. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले, त्या कामामागेही त्यांचा पाठिंबा होता.

आता रंगभूमीकडे वळू. नाटक म्हटले की आपल्याकडील काही वडीलधारी मंडळी भुवया उंचावतात. त्यांच्या काळजीचा आदर राखूनही काही गोष्टी सांगावयास हव्यात. नाना शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली ग्रँट रोडला नाट्यगृह उभे राहिले. सांगलीत १८४३ साली 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे १८५३ साली आपली मंडळी घेऊन मुंबईस आले. त्याच वर्षी त्यांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. म्हणजे मराठी नाटककाराने मुंबईच्या मिश्र प्रेक्षकांशी संवाद साधावयास आपली बोली जवळ केली. पुढे पारशी कंपन्यांनी गुजरातीबरोबर उर्दू नाटके आणली. आगा हश्र काश्मिरी यांच्यासारखे लेखक त्यातूनच नावारूपास आले. त्यांच्या 'यहूदी की लडकी' या नाटकावर १९५८ साली बिमल रॉय यांचा 'यहूदी' हा चित्रपट निघाला.

मराठी संगीत नाटकाचेही तसेच. 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ व अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतलेले. खाँसाहेबांच्या घराण्यातील चीज अशा रीतीने मराठी घराघरांत पोहोचली. १९२१ साली बालगंधर्व व केशवराव भोसले या प्रतिस्पर्धी नटांनी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'मानापमान' एकत्र केले. १९४३ साली मुंबईत 'इप्टा' स्थापन झाली. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी अण्णाभाऊ साठे व गवाणकर यांच्याबरोबर कामगारांपुढे डफ वाजविला. आज दादरचे शिवाजी मंदिर, जुहूचे पृथ्वी थिएटर (१९७८), नरिमन पॉइंटचे टाटा थिएटर (१९८०) ही नाट्यगृहे आहेत. १९९३ पासून बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊसही २०१६ साली पुन्हा उघडले.

पालक बंधू-भगिनींनो, शाळेची सहल मुंबईस निघाली तर मुलाबरोबर मुलीलाही पाठवा. मुलीस घरी ठेवून मुलास इतिहास दाखविणे म्हणजे अर्धे घर अंधारात ठेवणे होय. विद्यार्थी मित्रांनो, जाताना एकच प्रश्न लिहून न्या आणि त्याचे उत्तर शोधून परत या. सगळे दालन धावत पाहणाऱ्यापेक्षा एक वस्तू नीट पाहणारा अधिक घेऊन येतो.

आणि एक काम मुंबईस न जाताही करण्यासारखे आहे. आपल्या कित्येक घरांत आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळातील उर्दू दस्तऐवज, हाली सिक्क्याची नाणी, जुनी निमंत्रणपत्रे पडून आहेत. दरवर्षी घर आवरताना त्यांतील काही रद्दीत जातात. ती वाचणारी पिढी हळूहळू उठून चालली आहे. रद्दीत गेलेला कागद कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. मुंबईची मोठी संग्रहालयेही अशाच कुणाच्या तरी पेटीतून बाहेर आलेल्या वस्तूंनी भरली. शाळेतील एक काचेचे कपाट आणि प्रत्येक घरातून एक वस्तू, एवढ्यावर आपलीही सुरुवात होऊ शकते. ज्येष्ठांनी कागद वाचून दाखवावा, विद्यार्थ्यांनी त्याचा मराठी सारांश लिहून ठेवावा, आणि त्यातील एखादा प्रसंग स्नेहसंमेलनात रंगमंचावर आणावा. इतिहासातील आपला वाटा आपणच सांभाळला पाहिजे.